दोन जाळ्या, एक व्होल्ट

रात्री पावणेदोनला पडद्यावर पहिला त्रिकोण उमटला, तेव्हा मी यंत्राच्या खोलीबाहेर पॅसेजमध्ये डबा उघडून बसले होते. आमच्याकडे एएफएम, म्हणजे सुईनं पृष्ठभाग चाचपून चित्र काढणारा मायक्रोस्कोप, तळघरात ठेवलाय, कारण वरच्या मजल्यांवर जिना चढणाऱ्या माणसाची पावलंसुद्धा त्याला कळतात. खोलीच्या दाराला एक अरुंद काच आहे आणि तिच्यातून मॉनिटरचा कोपरा दिसतो. चित्र वरून खाली ओळीओळीनं भरत येत होतं. आधी वीसेक मिनिटं नुसता करडा रंग होता. मग एक बारीक तिरकी पांढरी रेघ आली, तिच्यापासून थोड्या अंतरावर दुसरी, आणि दोघी खाली उतरता उतरता एका बिंदूत मिळाल्या. मी भाकरी तशीच ठेवून आत गेले.

त्या रेघा ग्राफीनच्या होत्या, पण पृष्ठभागाच्या उंचसखलपणाच्या नव्हत्या. विजेचा हलका झटका दिल्यावर ग्राफीन जिथे हललं, तिथेच रेघ उमटली होती. बाकी सगळीकडे ते स्तब्ध होतं. हे कसं होतं ते मला नीट लिहून काढायचंय. गेले आठ महिने घरी कुणी विचारलं की मी "मायक्रोस्कोपवर काम चालू आहे" एवढंच सांगत आलेय, आणि आण्णांना तेवढं पुरत नाही.

आण्णा म्हणजे माझे वडील. इचलकरंजीत यंत्रमागावर त्यांची चाळीस वर्षं गेली. आधी मागवाला, मग जॉबर, आणि डोळे चांगले म्हणून शेवटची दहा वर्षं कापड तपासायला. तपासणीचं टेबल काचेचं असतं, खालून ट्यूबलाइट. त्यावरून कापड ओढत न्यायचं आणि तुटलेला धागा, सुटलेली वीण, डाग हेरायचे. लहानपणी मी त्या टेबलाशी उभी राहायचे. पातळ व्हॉइलचे दोन पदर चुकून एकावर एक आले की उजेडात मोठमोठी वर्तुळं, पट्टे आणि लाटा दिसायच्या. पदर इंचभर सरकवला की नक्षी हातभर पळायची. कापडावर तसलं काहीच विणलेलं नसायचं. घरी दुहेरी मच्छरदाणीत झोपल्यावरही मी छताच्या दिव्याकडे बघत तेच खेळत बसायचे.

त्या नक्षीला मोअरे म्हणतात. शब्द फ्रेंच आहे आणि कापडाच्याच धंद्यातला, पाण्याच्या लाटांसारखी झाक असलेल्या रेशमासाठीचा. माझ्या कामाचा मुख्य शब्द कापडाच्या टेबलावरून आलाय, हे मला एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी कळलं. त्या दिवशी वसतिगृहातून मी मुद्दाम घरी फोन केला होता.

आता ग्राफीन. कार्बनच्या अणूंची एकाच थराची जाळी, कोंबडीच्या खुराड्याला लावतात तसली षट्कोनी. दोन शेजारी अणूंमधलं अंतर 0.142 नॅनोमीटर आणि नक्षी पुन्हा सुरू होते ते अंतर 0.246 नॅनोमीटर. पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटमध्ये असे थर एकावर एक रचलेले असतात आणि एकमेकांना फार सैल धरून असतात. 2004 साली मँचेस्टरमध्ये आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोवोसेलोव यांनी साध्या चिकटपट्टीनं थर सोलत सोलत एकटा थर वेगळा केला आणि 2010 चं नोबेल त्यांना मिळालं. आमच्या गावाला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात. तिथे पहिला यंत्रमाग 1904 साली विठ्ठलराव दातारांनी आणला. बरोबर शंभर वर्षांनी त्या दुसऱ्या मँचेस्टरात जगातलं सगळ्यात पातळ कापड सापडलं, असं मी मनाशी मांडते आणि मला ते फार आवडतं.

आम्ही अजूनही चिकटपट्टीच वापरतो. ग्रॅफाइटचा तुकडा पट्टीवर दाबायचा, पट्टी दुमडून उघडायची, पुन्हा दुमडायची, आणि शेवटी सिलिकॉनच्या चकतीवर चिकटवून हळूच ओढायची. चकतीवर साधारण 300 नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर असतो, त्यामुळे ती जांभळी दिसते. एकेरी ग्राफीन त्या जांभळ्यावर किंचित गडद दिसतं. किंचित म्हणजे आधी दिसतच नाही. एक थर पांढऱ्या उजेडातला जेमतेम 2.3 टक्के भाग शोषतो. सुरुवातीला मी चकतीमागून चकती टाकून द्यायची. मग एकदा डोळा बसला. आता भिंग फिरवताना फ्लेक, म्हणजे ग्राफीनचा सोललेला तुकडा, असा दिसतो, जसा आण्णांना सुटलेला धागा दिसायचा.

एक थर मिळाला की त्याचे दोन भाग करायचे. बोरॉन नायट्राइडच्या (बोरॉन आणि नायट्रोजनच्या अणूंची तसलीच षट्कोनी जाळी) पातळ तुकड्यानं ग्राफीनचा अर्धा भाग उचलायचा. कडेला ते आपोआप फाटतं. खालचं टेबल ठरलेल्या कोनात फिरवायचं आणि उरलेला अर्धा त्याखाली चिकटवून घ्यायचा. दोन्ही तुकडे एकाच जाळीतले, त्यामुळे त्यांच्यातला कोन आपल्याला ठाऊक असतो. ही रीत ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात इमॅन्युएल टुटुक यांच्या गटानं 2016 मध्ये मांडली आणि मग सगळीकडे पसरली. बोरॉन नायट्राइडचे चांगले स्फटिक मात्र जगभर बहुतेकजण जपानमधल्या त्सुकुबाच्या वातानाबे आणि तानिगुची या दोन शास्त्रज्ञांकडूनच घेत आले आहेत.

कोनाचं गणित सोपं आहे आणि मला ते करताना दर वेळी आनंद होतो. कोन जितका लहान, तितकी नक्षी मोठी. 0.246 ला कोनानं भागायचं, कोन रेडियनमध्ये घेऊन. 1.1 अंश घेतला तर जवळजवळ 13 नॅनोमीटर येतात. हाच तो जादूचा कोन, ज्याचं भाकीत 2011 मध्ये बिस्ट्रिट्झर आणि मॅकडोनाल्ड यांनी केलं होतं आणि ज्यात 2018 मध्ये एमआयटीत युआन काओ आणि पाब्लो हारियो-हेरेरो यांना अतिवाहकता, म्हणजे काहीही रोध न होता वीज वाहणं, सापडली. कोन 0.1 अंश ठेवला तर 141 नॅनोमीटर येतात. अणू आहेत तेवढेच, जाळी आहे तेवढीच, पण नक्षी पाचशे-सहाशे पट फुगते. टेबलावरचा पदर इंचभर सरकला की लाट हातभर पळायची ती अशी.

कापडाशी तुलना इथपर्यंत चालते, पुढे नाही. व्हॉइलचे दोन पदर एकमेकांवर पडले तरी धागे आपापल्या जागी राहतात. ग्राफीनचे अणू राहत नाहीत. वरचा अणू बरोबर खालच्या अणूवर आला (याला आम्ही एए म्हणतो) तर ती जागा दोघांनाही नकोशी असते. तिथे थर एकमेकांपासून जरा लांब जातात, 0.335 ऐवजी 0.36 नॅनोमीटरच्या आसपास. जाळी अर्धवट सरकलेली असली, म्हणजे एक अणू अणूवर आणि दुसरा षट्कोनाच्या पोकळीवर, तर मात्र ती सुखानं बसते. अशा दोन बैठका आहेत, एबी आणि बीए, एकमेकींच्या आरशातल्यासारख्या. कोन अंशाहून लहान झाला की अणू थोडे थोडे सरकून जमेल तेवढी जागा या दोन बैठकांना देऊन टाकतात. एबीचा त्रिकोण, शेजारी बीएचा त्रिकोण, पुन्हा एबी. एए आकसून त्रिकोणांच्या कोपऱ्यात ठिपक्याएवढं उरतं. 2019 मध्ये हार्वर्डच्या फिलिप किम यांच्या गटानं इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली हे त्रिकोण फार सुंदर दाखवले.

आणि दोन त्रिकोणांच्या मध्ये शिवण. पुस्तकात याला भिंत म्हणतात, मला शिवण म्हणणंच बरोबर वाटतं. एबीचं बीए व्हायचं तर वरची जाळी खालच्या जाळीवरून एका बंधाएवढी, 0.142 नॅनोमीटर, सरकावी लागते. ते सरकणं साधारण 6 ते 10 नॅनोमीटरच्या पट्टीत उरकतं. सगळा ताण त्या पट्टीत गोळा होतो. त्रिकोणाच्या पोटात ताण जवळजवळ नाही, शिवणीच्या मधोमध सर्वात जास्त, पलीकडे पुन्हा नाही. म्हणजे शिवणीत ताण आहे एवढंच नाही, तो पावलापावलाला बदलतो आहे. माझ्या कामाचा सगळा जीव या बदलण्यात आहे.

कसा ते सांगायला स्वयंपाकघरातला गॅसचा लायटर घेते. खटका दाबला की आत स्प्रिंगवरची हातोडी एका छोट्या सिरॅमिकच्या दांडीवर आपटते आणि काही हजार व्होल्ट तयार होऊन ठिणगी पडते. दाबल्यावर वीज, ही पिझोविद्युत. क्युरी बंधूंनी, जॅक आणि पिएर यांनी, 1880 मध्ये ती दाखवली. पुढच्याच वर्षी लिपमन यांनी गणितानं सांगितलं की उलटंही व्हायला हवं, वीज दिली तर स्फटिक हलायला हवा, आणि क्युरींनी तेही दाखवून दिलं. क्वार्ट्झचं घड्याळ याच उलट्या बाजूवर चालतं. आतला स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो.

ग्राफीन मात्र हे करत नाही. षट्कोनाच्या मधोमध उभं राहून बघा. समोर जो अणू, बरोबर पाठीमागे तितक्याच अंतरावर तसाच अणू. सगळीकडून सारखंच ताणलं तरी ही जोडी मोडत नाही, त्यामुळे धन भाराचा मध्य आणि ऋण भाराचा मध्य एकमेकांवरून हलत नाहीत. नीट बसलेल्या एबी थरांचंही तेच, तिथे मध्यबिंदू दोन थरांच्या मध्ये असतो. अशा पदार्थात पिझोविद्युत नाही, असं पहिल्या वर्षापासून शिकवलं जातं आणि ते बरोबरच आहे.

पण सगळीकडून सारखं न ताणता वाकवलं तर? खोडरबर वाकवून बघा. बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दबते. समोरचा आणि पाठीमागचा आता सारखे राहिलेच नाहीत. ताण एका जागेपासून दुसऱ्या जागेपर्यंत बदलत गेला की पदार्थ कितीही सममित असो, तेवढ्या पट्ट्यात ती सममिती सुटते आणि भार सरकायला जागा मिळते. याला फ्लेक्सोविद्युत म्हणतात. रोजच्या आकाराच्या वस्तूंत हा परिणाम नगण्य असतो, कारण इंचभर जाडीच्या वस्तूत ताण फार हळू बदलतो. 6 नॅनोमीटरच्या शिवणीत तो इतक्या झपाट्यानं चढतो-उतरतो, की ज्याला एरवी कुणी मोजणार नाही ते तिथे मोजता येतं.

मोजायची रीत अशी. एएफएमची सुई, टोकाला धातूचा मुलामा दिलेली, ग्राफीनला हलकेच टेकवायची आणि तिला साधारण एक व्होल्टचा उलटसुलट होणारा विद्युतदाब द्यायचा. सुईखालचा भाग विजेला दाद देत असेल तर तो त्याच ठेक्यावर वरखाली किंवा आडवा थरथरतो. थरथर पिकोमीटरच्या घरातली, म्हणजे अणूच्या आकाराच्या कितीतरी खाली. ती एकदम पकडता येत नाही, म्हणून सुई टेकलेल्या अवस्थेत जी लय स्वतः धरते, सेकंदाला काही लाख फेऱ्यांची, तिच्याच लयीत वीज द्यायची, म्हणजे थरथर कितीतरी पट मोठी होते. मग लॉक-इन नावाचं उपकरण बाकी सगळा गलबला बाजूला सारून तेवढाच ठेका ऐकतं. बर्फगार तापमान नको, निर्वात पेटी नको. साध्या हवेत, खोलीच्या तापमानाला हे जमतं.

2020 मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या लिओ मॅकगिली, अभय पसुपती आणि सहकाऱ्यांनी 'नेचर नॅनोटेक्नॉलॉजी' या शोधपत्रिकेत हे छापलं. ग्राफीन, बोरॉन नायट्राइड आणि अर्धवाहक थर, सगळ्यांच्या मोअरे नक्षी त्यांनी याच रीतीनं दाखवल्या, 5 नॅनोमीटरहून बारीक तपशिलासह. निष्कर्ष असा की उभ्या विद्युतक्षेत्राला प्रत्येक मोअरे नक्षी हलून उत्तर देते, मूळ थराला तसा गुण असो वा नसो. ग्राफीनमध्ये उत्तर शिवणीतून येतं, त्रिकोण गप्प राहतात. मी तो निबंध पहिल्यांदा एसटीत वाचला होता, पुणे-इचलकरंजी, कराडच्या पुढे. गाडी कधी पोचली ते कळलं नाही.

वाचलं आणि केलं यात आठ महिने गेले. पहिली तीन सॅम्पल्स करताना मी कोन अर्धा अंश ठेवला होता, म्हणजे 28 नॅनोमीटरची नक्षी यायला हवी होती. स्कॅन केलं तर तिन्हींत काही नाही. सपाट करडं. मी सुया बदलल्या, जोडण्या तपासल्या, अर्थिंगची तार पुन्हा जोडली, आठवडाभर यंत्रालाच दोष दिला. दोष यंत्राचा नव्हता. थर खाली उतरवताना मी त्यांना धरून ठेवणारा पॉलिमर, म्हणजे प्लास्टिकचा पातळ पदर, वितळवायला 180 अंशांपर्यंत तापवत होते, आणि त्या उष्णतेत वरचा ग्राफीन फिरून परत एबी बैठकीत जाऊन बसत होता. पिळलेल्या थरांना उलगडून जायचं असतं. हे मी वाचलेलं होतं. पण तीन सॅम्पल्स, म्हणजे पाच आठवड्यांचं काम, असं मुकाट्यानं सरळ होऊन गेलं, आणि तिसऱ्या रात्री तळघरातून वर येताना जिन्यात मला रडू आलं. चौथ्याला कमी तापमानाला मऊ होणारा पॉलिमर घेतला आणि थर उतरवायला मिनिटाऐवजी पाऊण तास लावला.

पावणेदोनला उमटला तो या चौथ्या सॅम्पलमधला त्रिकोण.

पहिल्यांदा दिसलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवायचा नाही, हे आमच्या मार्गदर्शक बाईंनी पक्कं शिकवलंय. म्हणून तेच स्कॅन खालून वर केलं. रेघा तिथेच. व्होल्टेज निम्मं केलं तर सिग्नल निम्म्यावर आला, शून्य केलं तर रेघा पुसल्या गेल्या. पृष्ठभागाच्या उंचीचं चित्र शेजारी काढलं, त्यात एकही त्रिकोण नव्हता. मग सॅम्पल 90 अंशांत फिरवून लावलं, आणि आडव्या थरथरीच्या चित्रात ज्या रेघा आधी उजळ होत्या त्या मंदावल्या, मंद होत्या त्या उजळल्या. शिवणीला दिशा असते, ती सुईला एका अंगानं जास्त पिळते. हे बघितलं तेव्हा चार वाजले होते आणि मला खात्री पटली. त्रिकोणाची बाजू मोजली, 90 नॅनोमीटर. 0.246 भागिले 90, रेडियनचे अंश केले की सुमारे 0.16 अंश. ठेवला होता अर्धा, राहिला एवढा. थोडं उलगडलंच होतं, पण या वेळी पूर्ण नाही.

याच्या आसपास अजून कितीतरी आहे. बोरॉन नायट्राइडमध्ये शेजारचे दोन अणू वेगवेगळे, त्यामुळे तिथे शिवणीतच नव्हे तर सगळ्या त्रिकोणांतच भार सरकलेला असतो, एकात वर, शेजारच्यात खाली. 2021 मध्ये एमआयटी आणि तेल अवीव, दोन्हीकडे ते दिसलं. तीन थरांच्या ग्राफीनमध्ये तर विद्युतक्षेत्रानं दोन बैठकांमधली सीमा अख्खी चालवता येते, हे ॲरिझोना विद्यापीठातल्या यान्कोविट्झ, लरॉय आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्येच दाखवलं होतं. आणि मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मंदार देशमुख यांचा गट पिळलेल्या दुहेरी ग्राफीनच्या जोड्यांवर काम करतो. या थरांतल्या ताणाचा उपयोग करून इलेक्ट्रॉनांच्या रचनेतला बदल कसा ओळखायचा, हे त्यांनी 2022 मध्ये दाखवलं. ताण म्हणजे सॅम्पलमधली खोट असं न मानता त्यालाच कामाला लावलं. त्या निबंधाची छापील प्रत माझ्या टेबलावर असते.

सकाळी सातला मी आण्णांना चित्र पाठवलं. दोन मिनिटांत फोन.

"हे जाळं कुठलं गं?"

"आण्णा, दोन जाळ्या आहेत, एकीवर एक, जरा तिरक्या. विजेनं हलतात तिथं रेघ उमटते."

"मग ह्या उजव्या अंगाला लांबट का झाल्यात? बाकीचे त्रिकोण गुटगुटीत, आणि हे ओढल्यागत."

मी ते बघितलं होतं, पण कोन मोजायच्या नादात सोडून दिलं होतं. उजव्या काठाला त्रिकोणांची एक बाजू 90 आणि दुसरी 200 च्या वर गेलेली.

"कोन बदलला असेल तिथं," मी म्हटलं.

"कोन बदलला तर सगळ्या अंगानं मोठं होईल की. हे एकाच अंगानं ओढलंय. वरचा पदर कुठंतरी अडकलाय बघ. खाली गाठ असणार."

फोन ठेवून मी पुन्हा तळघरात उतरले. उंचीचं चित्र उघडून चौकट उजवीकडे सरकवली, आधी जिथे संपवली होती त्याच्या थोडी पुढे. तिथे एक बुडबुडा होता. थर चिकटवताना दोन जाळ्यांमध्ये अडकलेली हवा किंवा मळ, चार नॅनोमीटर उंच. वरचा थर त्याच्यावरून तंबूसारखा ताणला गेला होता, आणि सगळे लांबट त्रिकोण त्याच्याकडे तोंड करून होते.